चहाला नाही म्हणू नकोस

प्रिय बाळा, सलाम.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, आज सकाळी उठल्यावर परत वाचला. एवढा लांब मेसेज फोनवर टाईप केलास म्हणजे मनात किती साठलंय ते कळलं मला. येशूची सुवार्ता सांगायला धारावीत गेलास त्याचा पहिला आठवडा, सात दिवसांत ४३ घरं, त्यातल्या निम्म्यांनी तर दारच लावलं, पाय सुजले, आणि शेवटी लिहिलंयस की मावशी आठवडा वाया गेला, एक माणूस धड बोलला नाही, मला हे जमत नाही बहुतेक. लगेच फोन करणार होते पण म्हटलं फोनवर मी बोलत सुटेन आणि तू नुसतं हो मावशी हो मावशी करशील, त्यापेक्षा लिहिते. निवांत वाच.

तुझ्या सगळ्या मेसेजमध्ये मी एकाच ओळीपाशी अडकले, आणि ती ओळ तू अशीच लिहून पुढे गेलायस. साठ फुटी रोडच्या आतल्या गल्लीत एका तमिळ बाईने तुला आत बोलावलं, स्टूल पुसून दिलं, चहा ठेवू का विचारलं, आणि तू म्हणालास नको नको, तुम्हाला त्रास नको. तुला वाटलं गरिबाच्या घरचं दूध आपण कशाला संपवायचं. मन चांगलंच आहे तुझं, त्याबद्दल मला शंका नाही. पण बाळा, अख्ख्या आठवड्यात तुला कोणी घरात घेतलं ते तेवढंच, आणि तिथूनच तू उठून आलास.

आता मी जे सांगतेय ते जरा नीट ऐक, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझी आजी नेवाशाकडची. तिला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. चहाच्या हॉटेलात आपल्या माणसांच्या कपबश्या वेगळ्या असायच्या, बाहेर भिंतीच्या कोनाड्यात, चहा प्यायचा, कप स्वतः धुवायचा आणि परत तिथेच ठेवायचा. तुझ्या आजीला विचार, तिला पण आठवत असेल. १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, पाणी प्यायला! अशा देशात कोणाच्या घरचं पाणी किंवा चहा नको म्हणणं ही साधी गोष्ट नसते. समोरचा माणूस त्याचा अर्थ तिथल्या तिथे लावतो, आणि तो अर्थ 'याला माझी काळजी आहे' असा कधीच नसतो.

मी कशी शिकले ते सांगते. १९८६ ची गोष्ट, मी हॉस्पिटलात नर्स होते आणि रविवारी उपासना झाली की महिला मंडळाच्या बायांबरोबर धारावीत जायचे. तिथे एक बाई होती, तिरुनेलवेलीकडची, नवरा टॅनरीत कामाला, बाळ वजनाला कमी. मी जवळजवळ वर्षभर तिच्याकडे जात होते, बाळाचं वजन करायचं, पुढचा डोस कधी ते सांगायचं, दुधाची पावडर द्यायची, प्रार्थना करायची आणि निघायचं. ती दर वेळी काहीतरी घ्या म्हणायची, मी दर वेळी नको म्हणायचे, घाई असायची, आणि खरं सांगू का, पाण्याची भीती पण होती, कावीळ बिवीळ. एक दिवस तिने स्टीलचा लोटा माझ्या पुढ्यात ठेवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, सिस्टर, तुम हमारा पानी कभी नहीं पिया, हमारा जात मालूम है इसलिए?

माझे हातपाय गार पडले. जे माझ्या आजीला आयुष्यभर सोसावं लागलं तेच मी त्या बाईला करत होते, वर्षभर, बायबल पर्समध्ये घेऊन. त्या लोट्याला बाहेरून पाण्याचे थेंब लागले होते, काठावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं तमिळमध्ये, लग्नातला असणार. मी तो अख्खा प्यायले. मग ती माझ्या शेजारी खाली बसली आणि पहिल्यांदा बाळाचं सोडून दुसरं काहीतरी बोलली, तिच्या आईबद्दल, गावाकडच्या देवळाच्या तळ्याबद्दल, मुंबईत ट्रेनमधून उतरल्यावर ती तीन दिवस रडत होती त्याबद्दल. वर्षभर मी देत होते तेव्हा यातलं एक अक्षर ती बोलली नव्हती.

प्रभू येशूने शिष्यांना गावोगाव पाठवलं तेव्हा थैली नको, झोळी नको, पायतण नको म्हणाला, आणि ज्या घरात जाल तिथे पुढ्यात वाढतील ते खा म्हणाला. हे मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत होते आणि मला वाटायचं की साधेपणाने राहा असं काहीतरी सांगतोय. त्या दिवशी डोक्यात शिरलं की रिकाम्या हाताने पाठवलं कारण रिकाम्या हाताने गेलेल्याला दुसऱ्याकडून घ्यावं लागतं, मागावं लागतं, त्यांच्या चटईवर बसावं लागतं. तू मात्र भरलेली बॅग घेऊन गेलास, पॅम्फ्लेट, बिस्किटाचे पुडे, गळ्यात आयकार्ड आणि हातात वही.

ती वही आधी बाजूला ठेव. लोकांनी दार का लावलं असं तू विचारलंयस ना, अर्धं उत्तर त्या वहीत आहे. तिथे सध्या वही आणि आयकार्ड घेऊन येणारा माणूस म्हणजे सर्व्हेवाला. पुनर्विकासात कोण पात्र, कोण अपात्र, १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा आहे का, पोटमाळ्यावर राहणाऱ्याचं काय, या चिंतेत सगळी वस्ती आहे, आणि तू दारात उभा राहून विचारतोस घरात किती माणसं, कुठून आलात, किती वर्षं झाली. मी असते तर मी पण दार लावलं असतं. नाव लिहून घ्यायचं नाही. लक्षात ठेवायचं. प्रार्थनेत नाव घ्यायला वही लागत नाही.

आणि अजून एक, तू लिहिलंस 'इकडे सगळे परप्रांतीयच आहेत'. हा शब्द टाकून दे बाळा. बातम्यांमधून आपल्या तोंडात बसलाय तो, मला माहितीये तू वाईट अर्थाने नाही लिहिलास, पण हा शब्द मनात ठेवून त्या गल्लीत गेलास तर डोळ्यांना माणसं दिसणारच नाहीत. खरं बघ ना. धारावीत मूळचे कोण तर कोळी, कोळीवाडा अजून आहे, खाडी होती आणि त्यांची मासेमारी होती. कुंभारवाड्यातले लोक सौराष्ट्रातून आलेले, मुंबईत आधी दुसरीकडे होते, शहर वाढत गेलं तसं हटवत हटवत त्यांना तिथवर आणलं. तमिळ माणसं चामड्याच्या कामाला आली, तीन-तीन चार-चार पिढ्या झाल्या. सोलापूर साताऱ्याकडची आपली माणसं दुष्काळामुळे आली. यूपी बिहारची पोरं जरीच्या आणि शिलाईच्या कारखान्यात, रात्री त्याच मशीनच्या बाजूला झोपतात. जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटर जागा आहे सगळी आणि त्यात लाखो माणसं. आता सांग, यात बाहेरचा कोण? राहुरीहून मागच्या शनिवारी एसटीने उतरलेला तू. त्या गल्लीत सगळ्यात नवीन पाहुणा तूच आहेस, आणि पाहुण्यासारखंच वाग, म्हणजे बसायला सांगितलं की बसायचं, दिलं ते खायचं, आणि चप्पल कुठे काढायची ते आधी बघायचं.

कुठून आलात असं विचारू नकोस, गाव कुठलं असं विचार. हा फरक तुला बारीक वाटेल पण पहिल्या प्रश्नात पोलीस आहे आणि दुसऱ्यात माणूस आहे. यूपीवाल्याला 'मुलुक कौनसा' विचारलंस की त्याचा चेहराच बदलतो. तमिळ लोक गावाला ऊर म्हणतात. चार शब्द शिक, जास्त नकोत. वांगा म्हणजे या, तण्णी म्हणजे पाणी, पोदुम म्हणजे पुरे, आणि साप्पिट्टाच्चा म्हणजे जेवलात का. शेवटचा शब्द चुकीचा बोललास तरी चालेल, ते हसतील आणि दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करताना ते तुझे गुरू होतात. तेच पाहिजे आपल्याला. कुंभारवाड्यात नुसतं बसून चाक फिरताना बघ तासभर. तिथली भट्टी अंगणातच असते, दोन-चार घरांत मिळून एक, चिंध्या आणि कापसाचा कचरा जाळतात, धुराने डोळे चुरचुरतात. दिवाळीच्या आधी जाशील तेव्हा पणत्यांची रांग गल्लीच्या टोकापर्यंत वाळत टाकलेली असते, पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा बोलत बसायचं नसतं, पणत्या उचलायला हात द्यायचा असतो.

वेळेचं पण शिक. पाणी पहाटे येतं, थोडा वेळच येतं, आणि त्या वेळात त्या बाईला ड्रम भरायचे असतात, कपडे, भांडी, पोराची आंघोळ, सगळं त्यातच. तुला जो चहा ठेवू का म्हणाली ना, त्या चहातलं पाणी कोणीतरी पहाटे उठून भरलेलं होतं, म्हणून तर नको म्हणायचं नाही! तू मंगळवारी सकाळी सातला गेलास असं लिहिलंयस, सातला कोणी प्रार्थनेला बसणार नाही बाळा. इडलीवाले पहाटेपासून जागे असतात, डोक्यावर भांडं घेऊन मुंबईभर जातात, ते दुपारी झोपतात, त्यांना उठवू नकोस. पापड लाटणाऱ्या बाया उन्हाच्या हिशोबाने चालतात, उलट्या टोपल्यांवर पापड टाकलेले असतात, तिथे बसून बोलता येतं कारण हात चालू असले तरी तोंड मोकळं असतं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला मुस्लिम मोहल्ल्यात भेटी ठेवू नकोस. मग कधी जायचं? साधारण साडेअकरानंतर आणि परत संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणि पावसात तर नक्की जा, पावसात गल्लीत पाणी भरतं तेव्हा सगळे घरातच असतात आणि मदत पण तेव्हाच लागते.

आता तू विचारशील की मावशी नुसता चहा पीत फिरू का, सेवा कुठे आहे यात. सांगते. तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी त्या गल्लीत खूप जणांकडे नाही, तू मराठी वाचतोस आणि लिहितोस. मुंबईत रेशन ऑफिसातला फॉर्म मराठीत, पालिकेची नोटीस मराठीत, पोलीस स्टेशनातला कागद मराठीत. बिहारहून आलेल्या शिलाई कामगाराला नोटीस आली तर तो ती वाचून घ्यायला शंभर-दोनशे रुपये देतो कोणा एजंटला, आणि एजंट त्याला घाबरवून अजून काढतो. तू ती त्याच्या शेजारी बसून वाचून दाखव, घाई न करता, दोनदा. सायन हॉस्पिटलला कोणाबरोबर तरी जा, केसपेपर काढायच्या लाईनीत उभा राहा, कुठली ओपीडी कुठल्या मजल्यावर ते विचारून ये. दिवस जाईल एका माणसात, जाऊ दे. शाळेचं पण बघ. खूप आईबापांना माहीतच नसतं की पालिकेच्या शाळा आठ भाषांत आहेत, मराठी हिंदी उर्दू इंग्रजी गुजराती तमिळ तेलुगू कन्नड, आणि पोरगं घरी बसलेलं असतं कारण आईला वाटतं इकडे सगळं मराठीतच असणार.

पण हे सगळं करताना एक गाठ पक्की बांध. कागदाच्या बदल्यात प्रार्थना नाही, औषधाच्या बदल्यात रविवार नाही. बिस्किटाचा पुडा आणि पॅम्फ्लेट एकाच हाताने द्यायचं नाही, कधीच नाही. कायद्याचं आधी सांगते म्हणजे गोंधळ नको. घटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, आणि सुप्रीम कोर्टाने १९७७ साली सांगितलंय की प्रसार म्हणजे आपली श्रद्धा समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. हे तुला पाठ पाहिजे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण आपल्या पणजोबांना दुष्काळानंतर लोक काय म्हणायचे ते तुला माहितीये. पोटासाठी बाटले. त्या माणसांनी गावकी सोडली, भाऊबंद सोडले, विहीर नव्हतीच ती नव्हतीच, आणि तरी त्यांचा विश्वास म्हणजे पिठाची किंमत असं गाव म्हणत राहिलं. माझ्या वडिलांना साठ वर्षांनंतर सुद्धा हा टोमणा ऐकावा लागला. तो टोमणा आपल्या हाताने दुसऱ्या कोणाच्या घरात नेऊन ठेवू नकोस. कोणी विचारलं तू हे का करतोस तर खरं सांग, लाजू नकोस, येशूचं नाव घे, तुझी साक्ष दे. विचारलं नाही तर कागद वाचून दे आणि घरी ये.

तू लिहिलंस एक पण माणूस ऐकत नाही. गॉर्डन हॉल या अमेरिकन मिशनऱ्याचं नाव ऐकलंयस ना, आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात येतं. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या तयारीत होतं. राहिले, मराठी शिकले, रस्त्यात, देवळांजवळ, बाजारात लोकांशी बोलत राहिले, तेरा वर्षं. आणि तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीची साथ चालू होती, जवळची औषधं आजारी लोकांना देत गेले, एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला आणि तिथे त्यांनाच पटकी झाली. ४१ वर्षांचे होते. मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू, ती ओसरी. रात्री त्या माणसाला टेकायला जागा मिळाली ती एका हिंदू देवळात. आणि नगरला मिशनचं काम सुरू झालं ते त्यानंतर पाच वर्षांनी, १८३१ ला. तू आणि मी आहोत ते त्यातूनच ना? तुझा एक आठवडा झालाय फक्त.

बुधवारी माहीमला जा. तिथल्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे मारियामातेच्या प्रार्थनेला, १९४८ पासून चालू आहे ते, दर बुधवारी दिवसभर माणसांचा पूर असतो. आपण नगरचे प्रोटेस्टंट लोक, आपल्याला पुतळे आणि मेणबत्त्या बघून जरा अवघडल्यासारखं होतं, मला पण व्हायचं. तिथे बाहेर मेणाची घरं मिळतात, मेणाचे हात पाय, मेणाचं बाळ, ज्याला जे हवंय ते तो घेऊन उभा असतो. तू काही करू नकोस, फक्त लाईनीत उभा राहा आणि बाजूला कोण आहे बघ. टिकली लावलेली बाई असते, बुरख्यातली असते, कॉलेजची पोरं असतात रिझल्टच्या आधी. हातात मेणाचं घर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला घर किती हवं असतं ते चेहऱ्यावर दिसतं. मी धारावीबद्दल जेवढं तिथे उभं राहून शिकले तेवढं कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही शिकले. मी येईन या बुधवारी, गुडघे साथ देत असतील तर चारच्या सुमारास गेटपाशी भेट.

आणि रविवारी आपली मराठी उपासना झाली की घरी पळू नकोस, तमिळ उपासनेला जाऊन मागे बस. एक अक्षर कळणार नाही. बस तरीपण. न कळता बसणं काय असतं ते कळेल, कारण तुझ्या गल्लीतली अर्धी माणसं या शहरात रोज तशीच बसतात, बँकेत, हॉस्पिटलात, पोरांच्या शाळेत. आणि एक सांगते, तुला माहीत नसणार, तिरुनेलवेलीकडे ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती १७८० ला, म्हणजे आपल्या नगरच्या पन्नास वर्षं आधी. म्हणून विचारते, त्या बाईच्या घरात भिंतीवर काय होतं? मुरुगन देव होता, क्रूस होता, काहीच नव्हतं? तू ४३ घरांचा हिशोब लिहिलायस पण एका पण भिंतीवरचं काही लिहिलं नाहीस. कदाचित तू जिला सुवार्ता सांगायला गेलास तिच्या घरात ती सुवार्ता आपल्या घराच्या कितीतरी आधी आली असेल, आणि तिने तुला आत बोलावलं ते म्हणूनच असेल. नसेल पण. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, कारण तू थांबला नाहीस.

सोमवारी परत जा तिच्याकडे. साडेअकरानंतर, पाणी भरून झालेलं असतं. बॅग खोलीवर ठेवून जा, पॅम्फ्लेट नको, बिस्किटं नकोत. दारात उभा राहून सांग, आक्का, त्या दिवशी चहा नको म्हणालो, चुकलं माझं, आज देता का. पोटाची काळजी वाटत असेल तर चहाच माग, उकळलेला असतो, नर्स म्हणून सांगतेय. तो स्टीलच्या पेल्यात येईल आणि भयंकर गरम असेल, पेला काठाला धरायचा. गोड जास्त असेल, पाहुण्याला साखर जास्त घालतात. संपव. आणि पिऊन झाल्यावर पेला धुवायला मोरीकडे जाऊ नकोस, तिच्या हातात दे.

तुझी मावशी

ता. क. पायाला कोमट पाण्यात मीठ घालून शेक दे आणि ते नवीन बूट सोड, तिथे चप्पलच बरी.